चाचांची सनई आणि माझी पांढरी बटणं

अण्णा, तुम्हाला पत्र लिहायला बसले आहे खरी, पण राग तुमच्यावर आहे की आणखी कोणावर, हे अजून ठरलेलं नाही. झालं असं, की काल दुपारी नातू कॉम्प्युटरवर लढाई खेळत होता. तुम्हाला कॉम्प्युटर कसा सांगू? एक खिडकीएवढी काच समजा. तिच्यात डोंगर, नदी, घोडेस्वार, तोफा सगळं हलतं आणि पोरगं खुर्चीत बसून बोटानं सैन्य पुढं-मागं करतं. मी चहा घेऊन गेले तर म्हणाला, "आजी, लढाई जुनी आहे ना, म्हणून म्युझिकपण त्याच काळातलं लावलंय. ऐक." आणि स्वतःच्या कानावरचं काढून माझ्या कानावर चढवलं. सनई होती, खाली नगारा. चांगली होती, उगाच नावं ठेवत नाही. पण मी उभी राहून राहून थकले तरी ती थांबेना. म्हटलं, "ही थांबते कधी?" तो म्हणाला, "थांबत नाही, तीच फिरून फिरून लागते." मी ते काढून त्याच्या हातात दिलं आणि स्वयंपाकघरात येऊन पुसलेलेच डबे पुन्हा पुसत बसले. दम न लागणारी सनई ऐकली आणि मला आपल्या गावच्या सनईवाल्या चाचांची लेक आठवली. माझं वय काय, नातवंडं केवढी, आणि जळफळाट तोच, जसा तेव्हा तुमच्या टेबलाशी उभी असताना व्हायचा.

खर्ड्यात पुढं तुमचं दुकान, मागं आपलं घर, मधे कुडाची भिंत. गावात किल्ला, गावाबाहेर लढाईचं रान. त्यामुळे प्रत्येक म्हाताऱ्याकडे पेशव्यांच्या आणि निजामाच्या त्या लढाईची एकेक गोष्ट होती. पण ती कापड बेतायच्या टेबलावर मांडून खेळणारे शिंपी तुम्ही एकटेच. चादरीखाली कापडाचे गठ्ठे सारले की बालाघाटचे डोंगर तयार. शिलाईच्या खडूनं नदी. शर्टाची पांढरी बटणं म्हणजे मराठे, कोटाची काळी बटणं म्हणजे निजाम, पँटचे हुक म्हणजे तोफा आणि दोऱ्याची रिकामी रिळं म्हणजे हत्ती. पलीकडच्या कोपऱ्यात पाण्यानं भरलेला तांब्या ठेवायचा, तो किल्ला. "निजाम आत शिरला, आन पानी संपलं. तलवारीनं न्हाई हारला, तहानेनं हारला," असं तुम्ही दर वेळी सांगायचात, जणू काल बघून आलात. आई आतून ओरडायची, "गिऱ्हाईक कापड घिऊन दारात उभं, आन ह्यांचं हत्ती चाललं डोंगरात!" मी सहावीत होते. पांढरी बटणं माझी, काळी तुमची. वाजंत्री म्हणून तुम्ही तोंडानंच पिपाणी वाजवायचात. टेबलाच्या एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला मी, आणि मधे सगळं जग. मला ते तेवढंच पुरेसं होतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. लोक पोटाला रेशनवर आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी खात होते, नवीन कपडे कोण शिवणार? मशीन दिवसचे दिवस गप्प असायची. लग्नंही होईनात, म्हणजे सनईवाले चाचाही रिकामे. त्यांची बायको आणि साथीला सूर धरणारा भाऊ दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. चाचा गेले नाहीत. खडीची धूळ छातीत गेली की सनई संपली, असं त्यांना वाटायचं, आणि लोक त्यांना आळशी म्हणायचे. घरी बसून ऐकून घेण्यापेक्षा ते दुपारी तुमच्या दुकानात येऊन बसायला लागले. एकदा तुम्ही तोंडानं पिपाणी वाजवताना त्यांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, "शिंपीदादा, आसल्या वाजंत्रीवर घोडं तर सोडा, शेळी न्हाई हलायची." दुसऱ्या दिवशी सनई घेऊन आले. आणि सोबत, आई कामावर, घरात एकटी कशी ठेवायची म्हणून, लेकीला घेऊन आले. माझ्याच वर्गातली होती. वर्गात ती कधी तोंड उघडायची नाही, त्यामुळे मी तिच्याकडे कधी नीट पाहिलंही नव्हतं. तो माझा शेवटचा निवांत दिवस.

सनई आली तसे नियमही आले, आणि ते तुम्हीच काढलेत. सनई वाजतेय तोवर ज्याची पाळी त्यानं बटणं हलवायची. सनई थांबली आणि बोट ज्या बटणावर असेल ते बटण मेलं. जिंकणाऱ्याला पुढच्या डावाला पांढरी बटणं. पहिल्या दिवशी मात्र पाहुणी म्हणून तुम्ही माझी पांढरी बटणं उचलून तिच्यापुढं ठेवलीत. मला म्हणालात, "तू निजाम हो आज." आज म्हणालात, अण्णा. पाऊस पडेपर्यंत मी निजामच राहिले. कारण तो डाव ती जिंकली, पुढचा जिंकली, त्याच्या पुढचाही. आणि तुम्ही टेबलाच्या माझ्या समोरच्या बाजूनं उठून कडेला स्टुलावर जाऊन बसलात, पंच म्हणून. माझी बटणं गेली त्याचं दुःख होतंच, पण समोर मान वर केली की तुमच्याऐवजी ती दिसायची, ते मला सोसवायचं नाही.

चाचांची आणि तुमची मजा वेगळीच चाललेली असायची. तुम्हाला सनई त्याच काळातली हवी. चाचांचे वाडवडील किल्ल्याच्या दरवाज्यावर चौघड्यात वाजवायचे म्हणे, त्यातल्या दोन चाली त्यांच्या घरात उरल्या होत्या. एक मराठ्यांच्या बाजूची, एक निजामाच्या. तुम्ही विचारलंत, "तुमची मानसं नेमकी कुणाकडं हुती?" ते म्हणाले, "ज्यानं दारात उभं केलं त्याच्याकडं." एकदा ऐन तोफखाना पुढं सरकत असताना सवयीनं त्यांची सनई लग्नातल्या सिनेमाच्या गाण्यात घुसली आणि तुम्ही दोन्ही हात वर करून लढाई थांबवलीत. "आवो, त्या वक्ताला सिनेमा हुता का?" त्यावर चाचा थंडपणे म्हणाले, "आन तुमची ही कोटाची बटनं हुती व्हय?" दोघं हसून हसून खोकायला लागलात. चाचांचा खोकला जरा जास्त वेळ चालला. ती पटकन तांब्याकडे गेली, किल्ल्यातलं पाणी भांड्यात ओतून बापाला दिलं, आणि परत येऊन तिनं माझा हत्ती मारला. तुम्ही कौतुकानं तिच्याकडे पाहिलंत. तसं तुम्ही माझ्याकडे कधी पाहिलंत का, हे मी त्या दुपारी बसून आठवत होते. पाहिलं असणार. मला आठवलं नाही, एवढंच.

सनई थांबायची तेव्हा माझं बोट हमखास बटणावर असायचं आणि तिचं कधीच नसायचं. ती हात उचलून मागं घ्यायची आणि लगेच सूर तुटायचा. दर वेळी. मी घरी मनातल्या मनात खटला चालवला आणि निकालही देऊन टाकला. एके दिवशी डाव संपल्यावर त्या दोघांसमोरच म्हणाले, "अण्णा, हे दोघं मिळून खेळत्यात. तिनं हात काढला की चाचा वाजवायचं थांबवत्यात." चाचांचा चेहरा पडला. ती खाली बघत बटणं गोळा करत राहिली. तुम्ही रागावला नाहीत, ते जास्त वाईट झालं. शांतपणे म्हणालात, "अगं, चाचांचं डोळं उघडं आसतात का वाजवताना?" नसायचे. घट्ट मिटलेले असायचे, हे मी रोज पाहत होते आणि तरी पाहिलं नव्हतं. "ते तिचा हात बघत न्हाईत. ती त्यांचा दम ऐकती. दम सरत आला की तिला कळतं, आन ती आदी हात काढती. तिची बटनं सरकताना ऐकू आली तर हा मानूस लेकीसाठी दम ताणून वाजवत राहील, म्हनून." मग माझ्याकडे नीट बघून तुम्ही ते वाक्य बोललात, "तुज्या बापाची मशीन इतकी वर्सं भिंतीपल्याड चालती. तिच्या आवाजावरनं मी काय शिवतोय, कळतं का तुला?"

मला कळत नव्हतं. मशीन म्हणजे मशीन, तिचा खडखडाट. ती तिथं होती म्हणून मी रडले नाही. रात्रभर मात्र मला एकच गोष्ट सलत होती. तुम्ही मला खोटं ठरवलंत ही नाही. तिला तिच्या बापाबद्दल जे माहीत होतं, ते मला तुमच्याबद्दल माहीत नव्हतं, आणि तुम्ही ते तिच्यासमोर बोलून दाखवलंत, ही.

पुढच्या वर्षी पाऊस पडला, कापड आलं, लग्नं निघाली. टेबलावरचे डोंगर उचलले गेले, बटणं डब्यात गेली. चाचा पुन्हा मांडवात वाजवायला लागले आणि ती यायची बंद झाली. मला आनंद झाला असं वाटेल तुम्हाला. झालाच. पण मी तोवर ऐकायला लागले होते. भाकरी थापताना, धुणं वाळत घालताना, अभ्यासाला बसले तरी कान भिंतीला. धोतराच्या काठाला मशीन एकसुरी लांब चालायची, कॉलरीला वळण आलं की अडखळायची, गोधडीला तर कण्हायची. वर्षभरात मला सगळं येऊ लागलं. आता तुम्ही विचाराल, जेवताना विचाराल, अंथरूण घालताना विचाराल, म्हणून मी उत्तर तयार ठेवून बसायचे. तुम्ही पुन्हा कधीच विचारलं नाहीत. विसरलाच असणार. बोलणारा विसरून मोकळा होतो.

म्हणून तर मला चाचांच्या लेकीच्या लग्नाआधीची ती दुपार नीट आठवते. मी चुलीपाशी होते. मशीन सुरू झाली आणि असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. थोडं चालायची, थांबायची, पुन्हा हळूच चालायची, जणू झोपलेल्या बाळाच्या अंगावरून हात फिरवावा. सुती नव्हतं. सुती कापडाला तुम्ही एवढं जपत नव्हतात. सटकणारं काहीतरी, साटीन. खर्ड्यात तेव्हा साटीनचा लग्नाचा जोडा कुणाचा शिवायचा असणार, हे कळायला मला बघावं लागलं नाही. आईनं विचारलं, "काय शिवत्यात गं येवढा येळ?" मी म्हणाले, "मला काय म्हाईत." तीन दुपारी तो आवाज चालला. आणि माझ्या लग्नाची पोलकी, अण्णा, तुम्ही एका बैठकीत भराभर शिवलीत. मी ऐकत होते. माप पाठ होतं म्हणून भराभर झालं असेल. परक्याच्या लेकीचं काम म्हणून तिकडं जास्त जपलं असेल. मी हे स्वतःला कितीदा समजावलं आहे, तरी तीन दुपारी आणि एक बैठक हे माझ्या डोक्यातून जात नाही.

आता मुद्द्याचं सांगते. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या वर्षी मी माहेराला आले होते. एसटीतून उतरून चालत आले तर दुकानाच्या बाहेरच मला मशीन ऐकू आली. धोतराचा काठ होता, सरळ, लांब. तो एका दमात व्हायला हवा होता. पण मशीन जरा चालायची आणि थांबायची, पुन्हा चालायची आणि पुन्हा थांबायची. पायात जोर राहिलेला नव्हता. आईला माहीत नव्हतं, डॉक्टरला माहीत नव्हतं, तुम्ही स्वतःशी तरी कबूल केलं होतंत की नाही कोण जाणे. मला कळलं होतं, दारात, हातात पिशवी घेऊन. तेव्हाच आत आले असते तर तुम्ही लेकीला दिसू नये म्हणून पाय दाबून मशीन पळवली असती. म्हणून मी आत आले नाही. उन्हात भिंतीला टेकून उभी राहिले, तुमचा तो काठ तुमच्या चालीनं पूर्ण होईपर्यंत. मशीन थांबल्यावर मग पायरी चढले. तुम्ही म्हणालात, "उशीर का गं?" मी म्हणाले, "गाडी लेट हुती."

ती मशीन आता माझ्या घरी आहे, तिच्यावर नातू दप्तर टाकतो. दुकानाच्या जागी मोबाईलचं दुकान झालंय, तेव्हा हे पत्र कुठं टाकणार? डब्यात, काळ्यापांढऱ्या बटणांबरोबर ठेवीन. टाकता आलं असतं तरी बहुतेक टाकलं नसतं. कारण उन्हात उभं राहिल्याचं तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही खूश होऊन म्हणाला असता, "बघ, चाचांच्या लेकीकडनं शिकलीस." ते खरंच आहे, अण्णा, तिच्याकडूनच शिकले. तुमच्या तोंडून ते ऐकणं मात्र मला आजही सहन होणार नाही.