आण्णांच्या जीपमधलं लाँचचं इंजिन

गडमुडशिंगी, ता. ४ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. त्रिशलास, दादाचा जयजिनेंद्र व अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही सगळी खुशाल. फोनवर तुला ऐकू येत न्हाय आणि मला ओरडवत न्हाय, म्हणून पत्र. आमच्या पोराला, अरिहंतला, शेडमध्ये लेथ मशीन बसवायची हाय, म्हणून तिथली आण्णांची जीप भंगारात द्यायचं म्हणतोय. भंगारवाला बघून गेला. मासेमारीच्या लाँचचं इंजिन जीपला कुणी बसवलं म्हणून हसत होता. ते मीच बसवलंय हे त्याला सांगितलं न्हाय.

आठवतं का गं? मी वीसचा, तू अकराची. आण्णांनी रत्नागिरीच्या बंदरातनं आणलेलं ते इंजिन, मासळी लागलेलं म्हणून, आईनं तीनदा सोड्यानं धुतल्याशिवाय परड्यात घेऊ दिलं न्हवतं. बोटीत ते समुद्राचं पाणी ओढून गार व्हायचं. जीपला रेडिएटर मिळेपर्यंत मी मागं पाण्याचं पिंप बसवून पाईपनं इंजिनला जोडलं. पाणी कमी झालं की हाक मारायचं काम तुझं.

बाहुबलीला दर्शनाला जाताना इंजिन जाम झालं. पाईप सुटलेली बघून आण्णांनी माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि मला शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीवर चिकटवलं. परत कधी इंजिनला हात लावू दिला न्हाय. माझीच चूक होती की. जीप तुझ्याही बापाची, म्हणून विचारतो. देऊ का?

पाव्हण्यांना नमस्कार. दादावर जीव असू दे.

तुझा,
बाबासो

निपाणी, ता. १२ नोव्हेंबर २०२५

ती. दादास, त्रिशलाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून घशाखाली घास उतरत नाही. चूक तुझी नव्हती, दादा. पिंप रिकामं झालेलं मला दिसलं होतं. मी हाक मारली नाही.

तू गाडी चालवत होतास. शेजारी बसलेले आण्णा मागं वळून, आईच्या कानाशी वाकून सांगत होते, "एकट्यानं इंजिन बसवलं, पोरगं माझ्यापेक्षा हुशार निघालं." त्यांच्या तोंडून तुझं कौतुक मी कधी ऐकलं नव्हतं. ते मधेच थांबू नये असं मला वाटलं. तेवढ्यात इंजिन बंद पडलं. मग भीतीनं बोलले नाही, आणि नंतर बोलणं आणखी अवघड होत गेलं. तुझं सगळं आयुष्य भट्टीपुढं गेलं ते माझ्यामुळं. जीपचं तू ठरव. मला माफ करता आलं तर कर.

वहिनींना नमस्कार. माया तोडू नकोस.

तुझी,
त्रिशला

गडमुडशिंगी, ता. २० नोव्हेंबर २०२५

चि. सौ. त्रिशलास, जयजिनेंद्र व आशीर्वाद. वि. वि.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. मी सांगतोय, अरिहंत लिहितोय.

येडे, पिंप कोरडं होतं हे मला तवाच कळलं होतं. आण्णा खाली उतरायच्या आत मीच पाईप उपटून ठेवली. म्हटलं, बोल मला लागू दे, तुला नको. पहिली सात-आठ वर्षं भट्टीपुढं तुझा राग यायचा, खोटं कशाला सांगू? मग तुझं लग्न झालं, घर सुनं झालं, आणि राग कुठं गेला कळलं न्हाय.

इंजिन मी बसवलं होतं हे अरिहंतला तुझ्या पत्रातनं कळलं. दिवसभर तो शेडमध्ये जीपपाशीच होता. दुसऱ्या दिवशी त्यानं भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं. आता इंजिन खोलून बसलाय, आणि कुठला नट कुठला म्हणून मला विचारतोय.

आण्णा आईला काय म्हणाले, ते इंजिनच्या आवाजात मला ऐकूच आलं न्हवतं. तेवढी ओळ मी अरिहंतला तीनदा वाचायला लावली.

आता पोटभर जेव.

तुझा,
दादा