तहानेवर वाढलेलं

प्रिय भिंगरी,

खुळ्… खुळ्… खुळ्. आज दुपारी आरामखुर्चीत डोळा लागला होता आणि हाच आवाज कानात आला. फ्रॉकच्या दोन्ही खिशांत वाळलेल्या शेंगा भरून तू घरभर गिरक्या घ्यायचीस, तो. तुझी आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अगं, बियाणं आहे ते, खुळखुळा नाही!" की तू आणखी जोरात फिरायचीस. भिंगरी हे नाव तेव्हाच पडलं तुला. शेंग पिकली का, हे आई डोळ्यांनी बघायचीच नाही. कानाशी धरून हलवायची. वाजली तर तोडायची, नाही तर म्हणायची, "अजून बोलायला शिकली नाही ही." मी जागा झालो, अंगणात गेलो, चष्मा कपाळावर ढकलला आणि एक शेंग हलवून पाहिली. वाजली नाही. बोटांत चुरडली ती, आतून ओली, काळी. यंदा आपल्या वाफ्यातली एकही शेंग बोलत नाहीये, बाळ.

तुझं कसं चाललंय? तुझ्या खिडकीत ऊन येतं की नाही, हे मी फोनवर नेहमी विचारतो आणि तू नेहमी हसतेस. इथे सगळं ठीक आहे, असं लिहिणार होतो. लिहिलंही होतं, मग खोडलं. छापखान्यात उभा जन्म अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेला, चुकीचा खिळा पडला की बोटांना कळतं.

ते रोप घरी कसं आलं, हे तुला नीटसं आठवत नसेल. दवाखान्यातली नर्सची ड्यूटी संपवून घरी येताना आई मुद्दाम माळावरून यायची. वॉर्डातल्या औषधांचा वास अंगावरून उतरायला तेवढी चाल लागते, म्हणायची. एकदा पदराच्या गाठीत मूठभर बिया बांधून आणल्या. गल्लीत सगळ्यांच्या दारी दोन वेळा पाणी पिणारे गुलाब होते, आणि आमच्या सिस्टरबाईंनी अंगणाचा सगळ्यात रखरखीत कोपरा निवडला. मी उत्साहाने माती चाळून, खडे वेचून बाजूला ठेवले, तर बाईसाहेबांनी तेच खडे परत मातीत मिसळले! "अहो, याला गादी नको, खाट हवी कडक." खत नाही, शेण नाही. पहिलं वर्षभर वर नुसती चार पानं. फूल नाही म्हणून तू रडलीस, तेव्हा ती म्हणाली, "वर काही दिसत नाही ना, म्हणजे खाली काम चाललंय." दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या उन्हाळ्यात, गुलाबांनी माना टाकल्या तेव्हा, आपला कोपरा एका सकाळी पेटला, कुणीतरी ओळीने काड्या ओढत गेल्यासारखा. केशरी. मी शाळेतली एक अख्खी कविता तिथेच उभ्याने म्हटली. मी एक ओळ म्हणायची आणि पुढची तिने, हे आमचं लग्नापासूनचं. त्या दिवशी तिने हात कोपरापर्यंत मातीत असताना सगळी कडवी पुरी केली होती.

मी त्या फुलाला एक छानसं काव्यमय नाव दिलं होतं, ते कुणीच वापरलं नाही. तू म्हणालीस "हट्टी", आणि तेच चिकटलं. शेंगा तोडून झाल्या की पुढचे काही महिने हट्टी जमिनीवरून पार नाहीशी व्हायची. मेलीच, असं वाटायचं. माझा पाय पडू नये म्हणून आई जागोजाग काटक्या रोवून ठेवायची आणि मी तरी पाय द्यायचोच. शेजारच्या मोटारवाल्यांनी एकदा हौसेने एक रोप खणून नेलं. मूळ इतकं खोल की निम्म्यात तुटलं. रोप आठवड्यात गेलं. "जिथे रुजतं तिथलंच होतं ते," आई म्हणाली, "नेऊन लावायची जात नाही." आणि पाण्याचा तिचा नियम तर तुला पाठच आहे. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालायचं. ओल लागली तर झारीला हातही लावायचा नाही. तहान लागली तरच मूळ खाली जातं. घरात कशावरही वाद निघाला की तिचं ठरलेलं होतं: "आधी बोट घाल, मग बोल."

तुझ्यावरही तिने हाच नियम चालवला, हे मी बघत होतो. दिवसभर परक्यांना जपून यायची आणि घरी आली की तिच्याकडे जपणं शिल्लक नसायचं, किंवा असायचं आणि ती ते मोजून द्यायची. पडलीस तर "ऊठ." रडलीस तर "झालं का?" तुझा संसार मोडला आणि तू बॅग घेऊन दारात उभी राहिलीस, तेव्हा तिने तुझं अंथरूण घातलं, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "सोमवारपासून कामावर जा." त्यावर तू जे बोललीस ते मला शब्दन् शब्द आठवतं. "आई, मी हट्टी नाही गं. मी साधं कुंडीतलं रोप होते. मला रोज पाणी लागत होतं." ती वाफ्याकडे बघत राहिली. तू गेलीस, आणि तेव्हापासून तुझा फोन माझ्याच मोबाइलवर येतो. शेवटी तू विचारतेस, "आई कशी आहे?" मी म्हणतो, "बरी आहे." दोघंही कसे पटकन फोन ठेवतो, नाही?

तर यंदाची गोष्ट. पावसाचा पत्ता नव्हता, म्हणजे हट्टी खुशीत असायला हवी. पण पानं पिवळी पडायला लागली, खोडं बुडाशी मऊ झाली. मी बोट घातलं, तर चिखल. मला वाटलं, मोटारवाल्यांचा पाइप फुटला असणार. तावातावाने गेलो. "तुमचं पाणी आमच्या वाफ्यात मुरतंय!" तो बिचारा पहार घेऊन आला, कुंपणापाशी खड्डा खणला, आतली माती भाकरीच्या पिठासारखी कोरडी. "घ्या, भाऊसाहेब, आता यात काय बुडताय बुडा," म्हणाला. मी ओशाळून परत निघालो, तर त्याची बायको फाटकापर्यंत मागे आली. हळूच म्हणाली, "भाऊजी, वहिनी दिवसभर झारी घेऊन जा-ये करत असतात. आम्हाला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

मला ठाऊक नव्हतं. मी मागच्या खोलीत माझ्या पुस्तकांत. दुसऱ्या दिवशी खिडकीशी बसून राहिलो. आईने वाफ्याला पाणी घातलं, झारी खुंटीला अडकवली, हात धुतले, पदराला पुसले, माझ्यासमोर येऊन बसली. बाहेर पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई! आज पाणी घालायचं राहिलंच की." उठली. पुन्हा घातलं, हात धुतले, बसली, बाहेर पाहिलं. बाळ, बोट ती एकदाही मातीत घालत नव्हती. ज्या बाईने आयुष्यभर बोट घातल्याशिवाय थेंब दिला नाही, ती.

माझी फसगत कशाने झाली सांगू? कवितेने. मी ओळ म्हणायचो आणि ती पुढची बिनचूक म्हणायची, आजही म्हणते. मी मनाशी म्हणायचो, हिला काय धाड भरलीये, माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. गॅस चालू राहिला, भाजीत मीठ दोनदा पडलं, चपला फ्रिजमध्ये सापडल्या, त्यावर आम्ही हसलो. चपलांवर तर मी दोन ओळी रचल्या होत्या. मग तिला डॉक्टरांकडे नेलं; त्यांनी आजचा वार विचारला तेव्हा ती माझ्याकडे बघून हसली, परीक्षेत शेजाऱ्याच्या पाटीकडे बघावं तसं. तिचं मला कविता सोडून काहीच पाठ नाही, हे त्या दिवशी कळलं.

झारी मी माळ्यावर लपवली. तिने तांब्या घेतला. तांब्या कपाटात ठेवला, तर चहाचा कप. कप उचलले, तर ओंजळीत धरून नेऊ लागली, दारापर्यंत जाईतो निम्मं सांडायचं. शेवटी मी बाहेरचा कॉकच बंद केला. ती नळापाशी उभी राहिली, तोटी पुन्हा पुन्हा फिरवत, आणि एवढंच म्हणाली, "आटलं का हो सगळं?" मी कॉक उघडला, झारीही माळ्यावरून काढून दिली.

एका सकाळी, अगदी लख्ख सकाळ होती तिची, तिने माझा हात घट्ट धरला. वॉर्डातला मोठ्या सिस्टरचा आवाज. "मला काय होतंय ते मला कळतंय. पोरीला बोलावून घ्यायचं नाही. ती आपणहून आली तर डोक्यावर घेईन. दयेपोटी आलेली मला नको." मी शब्द दिला. म्हणून 'बरी आहे'. तो शब्द मी आजही मोडत नाहीये, मी तुला ये म्हणणार नाही. फक्त काल मी जे ऐकलं ते माझ्या एकट्याच्या पोटात मावत नाही.

काल झारी घेऊन ती वाफ्यापाशी उकिडवी बसली होती. कुजलेल्या बुंध्यावर हात फिरवत होती, तापातल्या पेशंटच्या कपाळावरून फिरवावा तसा. मला वाटलं, रोपाशी बोलतेय. पण ती तुझ्या नावाने बोलत होती, पाळण्यातल्या नावाने, भिंगरी नव्हे. "पी गं, पी. पोटभर पी. मी तुला कधी पोटभर दिलंच नाही. आता कुणी आडवं येत नाही, पी." मी तसाच मागे फिरलो. झारी आता खुंटीवरच आहे. वाफा जाणार, जाऊ दे. भिंतीलगतच्या खड्यांत एक रोप तेवढं तग धरून आहे, तिथवर तिची झारी पोचत नाही. मागच्या सालच्या थोड्या बिया बरणीत होत्या, त्या या पाकिटात घालतोय. पाकीट हलवून बघ, वाजेल.

इथवर लिहिलं आणि दाराची बेल वाजली. या उन्हात कोण, म्हणून चरफडत उठलो. मोटारवाले असतील, नाही तर पार्सलवाला. आई आत झोपली होती, निदान मला तसं वाटत होतं. दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर तीच. मागच्या दाराने निघून, घराला वळसा घालून आलेली. हातात झारी, पदर नीट खांद्यावर, केस पाण्याने चापून बसवलेले, कुणाच्या घरी पहिल्यांदा जाताना बसवतात तसे. मला पाहून अदबीने बाजूला झाली. "आपण इथलेच ना?" म्हणाली. "आपली मुलगी आहे का घरात? तिला म्हणावं, जरा उशीर झाला मला, पण पाणी आणलंय." मी झारी हातातून घेतली नाही. म्हटलं, "आत या, बसा. येईलच ती एवढ्यात." ती आता माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली आहे, झारी मांडीवर, डोळे दाराकडे. बाळ, मी शब्द मोडलेला नाही, ये म्हटलेलं नाही. पण पाहुण्या बाईंना मी जे सांगून बसलोय, त्यात मला खोटं पाडू नकोस.

तुझाच,
बाबा