वजन उतरल्याचं अभिनंदन

पालघर,
८ सप्टेंबर २०२५

सौ. नर्मदावहिनीस,
नंदिनीचा सा. न. वि. वि.

दादाचा मोबाईल बोटीबरोबर समुद्रात जातो आणि तुझ्याकडे दुसरा नाही, म्हणून हे पत्र इथे मासळी विकायला येणाऱ्या हेमालीमावशीच्या रिकाम्या टोपलीतून पाठवते आहे. सुकटीचा वास आला तर मला नावं ठेवू नकोस.

आमच्या आरोग्य प्रकल्पाने गावच्या शाळेत मुलांची तपासणी केली, त्यात आपल्या स्वराचं वजन एकसष्ट किलो भरलं. बारा वर्षांच्या मुलीला हे फार झालं. तिच्या मानेवरचा काळा पट्टा मळ नाही, उगाच घासू नकोस. अंगात साखर वाढू लागल्याची ती खूण असू शकते. तिची डिजिटल आरोग्य नोंद मी स्वतः उघडली आहे. दादाच्या नंबरावर दर आठवड्याला आठवण येईल: पाकिटातलं खाणं बंद, जेवणाआधी पाणी, रोज खेळ, वजन कळवा. दिवाळीच्या सुट्टीत रक्त तपासायची आठवणही येईल.

आपल्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. त्याचा उपयोग आपल्याच पोरीला झाला नाही तर ती पदवी काय भिंतीला लावायची? बाबांना नमस्कार. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
नंदिनी

*

तारापूर,
१९ सप्टेंबर

चि. नंदिनीस वहिनीचे पोटभर आशीर्वाद.

बोट किनाऱ्याला लागली आन मासळीच्या आधी तुझे निरोप उतरले. सगळे एकदम. स्वराने मोठ्याने वाचून दाखवले. ती तुला आता मेसेजवाली आत्या म्हणते.

मी पहाटे बाजाराला जाते, तवा न्याहारीला तिच्या हातावर पैसे ठेवायची. पोरगी वेफर आन थंडा आणायची. ते बंद केलं. आता भाकर करून ठेवते. दोन दिवस रुसली, मग खायला लागली. मला म्हणते, आई, तू पण जाडी हायेस, तुला कोण मेसेज करत नाय.

घरात काटा नाय, म्हणून तिला जिवल्याच्या मासळीच्या काट्यावर बसवली. तो मेला विचारतो, वहिनी, हा माल कोणत्या भावाने लावू? स्वरा अशी भडकली की त्याच्याशी बोलणंच टाकलं. साडेएकोणसाठ भरली. ह्यांनी लगेच मोबाईलवर कळवलं.

तू जेवतेस ना येळेवर? लोकांच्या पोरांची वजनं करता करता तुझंच उतरायचं.

आशीर्वाद देणारी,
नर्मदावहिनी

*

पालघर,
३ ऑक्टोबर

सौ. नर्मदावहिनीस,
नंदिनीचा सा. न. वि. वि.

छप्पन्न किलो! आकडा पडद्यावर आला तेव्हा मी खुर्चीतून उठले. मासवणच्या बैठकीत साहेबांनी स्वराचं उदाहरण दिलं. नाव घेतलं नाही, पण माझ्याकडे बघून हसले. दादाला अभिनंदनाचा निरोप गेला असेल, त्यातलं वाक्य माझं आहे.

तुझ्यासाठी आणखी एक चांगली बातमी. रक्त तपासायचं म्हणजे तुझ्यासारखीचा एका दिवसाचा बाजार बुडतो. म्हणून मी सुचवलं की, ज्या मुलांचं वजन उतरतंय त्यांना तपासणीची आठवण पाठवू नये. साहेबांना पटलं. आता स्वराची तपासणी आपोआप रद्द झाली. तुला बोईसरला खेटा नको.

सुट्टीच्या दिवशीही मनोरकडच्या शाळांच्या नोंदी भरायच्या आहेत, म्हणून इतक्यात येणं होत नाही. स्वराला माझ्याकडून एक गालगुच्चा. लोभ कमी करू नकोस.

तुझी,
नंदिनी

*

तारापूर,
१६ ऑक्टोबर

चि. नंदिनीस अनेक आशीर्वाद.

स्वरा बावन्नवर आली. तुझा अभिनंदनाचा मेसेज ह्यांनी बोटीवर सगळ्यांना वाचून दाखवला. खलाशी म्हणाले, पार्टी पायजे. आता ह्यांनी तिला फ्रॉक आणलाय, तोपण ढगळ होतो.

पाणी प्यायचं मात्र पोरीने भलतंच मनावर घेतलंय. कळशी तोंडाला लावते. रात्री चार वेळा उठते, परवा अंथरूण ओलं केलं आन लाजून दिवसभर रडली. मी कोणाला बोलले नाय, तूपण बोलू नको. शाळेतून येते ती आडवी होते. काल आजोबा म्हणाले, पोरगी कोमेजली, दाखवून आणा. मी म्हटलं, बाबा, आपली नंदिनी शिकलेली, तिचा मोबाईल अभिनंदन म्हणतो, आपण काय नवीन सांगणार?

तरी विचारते. इतकं पाणी चालतं ना? तुझ्या उत्तराची वाट बघते.

तुझी,
नर्मदावहिनी

*

पालघर,
१२ नोव्हेंबर

वहिनी,

मायना लिहायला हात धजत नाही.

तुझं सोळा तारखेचं पत्र दिवाळीत हेमालीमावशीकडे पडून राहिलं. ते माझ्या हाती पडलं तेव्हा दादाचा बोईसरच्या दवाखान्यातून फोन येऊन गेला होता. मी ते रिक्षात वाचलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला पाण्याच्या पहिल्याच ओळीला कळलं. खूप पाणी, रात्रीचं उठणं, झपाट्याने उतरणारं वजन. ते पथ्याने उतरत नव्हतं, वहिनी. तिची साखर तिला आतून वितळवत होती. मोठ्या दवाखान्यात नेताना मनोरच्या अलीकडे तिचा श्वास थांबला, तेव्हा तिचा हात तुझ्या हातात होता आणि मी समोर बसून नुसती बघत होते.

तेराव्यालाही तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. बरोबर केलंस. ती तपासणी झाली असती तर आज ती असती. नियम माझा होता.

तिच्या नोंदीपुढे अजून 'उद्दिष्ट साध्य' असं हिरव्या अक्षरांत दिसतं. याच नियमाने तपासणी रद्द झालेली आणखी मुलं आहेत. मी साहेबांना लिहून दिलं. ते म्हणाले, पुढच्या बैठकीत विषय घेऊ. मी राजीनामा लिहून ठेवला आहे. तू म्हणशील तर पायाशी येऊन बसते. मार, बोल, काहीही कर.

नंदिनी

*

तारापूर,
१७ नोव्हेंबर

नंदिनी,

आशीर्वाद लिहवत नाय, तरी ते हायेत असं समज.

हे अजून बोटीवर गेले नाय. बाबा ओट्यावर बसून असतात. मी बाजाराला जाते. नाय गेले तर घर खायला उठतं.

तुला माफ केलं का ते विचारू नको. मलाच ठावं नाय. एकदा वाटतं तुझं तोंड बघू नये. एकदा वाटतं पत्र कशाला लिहायचं, त्याच दिवशी पोरीला उचलून का नाय नेली मी? शिकलेली तू होतीस, पण आई मी होते.

राजीनामा देऊ नको. त्याने तुला बरं वाटेल, दुसऱ्या कोणाला काय?

साहेब बैठक घेतील तवा घेतील. तुझ्या त्या बाकीच्या पोरांच्या आया आज माझ्यासारख्याच खूश बसल्या असतील. त्यांना मेसेज टाकू नको. त्यांच्या घरी जा. पोर समोर बसव, डोळ्याने बघ, आन तशीच दवाखान्यात घेऊन जा. आई म्हणाली बाजार बुडतो, तर तिला माझ्या स्वराचं सांग. सगळं सांग, लाजू नको, अंथरुणाचंपण सांग.

शेवटचं घर झालं की ये. तोवर माझ्या दारात येऊ नको.

नर्मदा