उजवा कौल

॥ श्री ॥

दहिसर,
८ जून १९८६

तीर्थरूप सगुणाआत्या हिस,
तुळशीदासचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

आंब्यांची करंडी पोचली. चार आंबे डागी निघाले, ते बाबांनी आधी संपवले. चांगले कोणासाठी ठेवलेत ते सांगितलं नाही. रोज सकाळी माझ्या डब्याजवळ एक ठेवलेला दिसतो.

आता कामाचं. ताईला अमेरिकेतल्या विद्यापीठाने घेतल्याचं तुला कळलंच आहे. ऑगस्टअखेर वर्ग सुरू होतील. सध्या ती पुण्याला वसतिगृहातच आहे. एम.एस्सी.चा निकाल लागेपर्यंत तिथल्या प्रयोगशाळेत काम करते. तिचा विषय शेवाळ. बाबा म्हणतात, शेवाळच बघायचं तर आमच्या चाळीची मोरी काय वाईट? पण म्हणताना हसतात, आणि शेजारच्या वनमालाकाकूंना तिच्या विद्यापीठाचं नाव ऐकवतात, दर वेळी वेगळं.

तरी सातेरीचा कौल घेतल्याशिवाय पोरगी समुद्र ओलांडणार नाही, असं त्यांनी ठरवलं आहे. संपात गिरणी गेली तेव्हापासून ते गावी आलेले नाहीत. रिकाम्या हाताने देवीपुढे उभा राहणार नाही म्हणतात. म्हणून तू धाकू गुरवाकडून कौल लावून घ्यावास, असं मला लिहायला सांगितलं आहे. त्यांनी सांगितलेला प्रश्न असा: अनुपमाने यंदा परदेशी शिकायला जावं का?

पण आत्या, माझी एक विनंती आहे. प्रश्न असा विचारावा: तिने जानेवारीपर्यंत थांबावं का? जानेवारीतही तिथे नवे विद्यार्थी घेतात, हे मी तिच्या माहितीपत्रकात शब्दकोश घेऊन दोनदा वाचलं आहे. म्हणजे तिचं जाणं मोडत नाही, नुसतं पुढे जातं. निकाल लागला की ती घरी येईल आणि थोडे महिने राहील. ती घरात असली की बाबा बोलतात. आई गेली, गिरणी गेली, मी दहावीच्या वर्षी शाळा सोडून मरोळच्या कारखान्यात लागलो, आणि तेव्हापासून आमच्यात पाणी आलं का आणि भात उरला का, एवढंच बोलणं होतं. ताई परदेशी गेली की त्या खोलीत त्यांच्यासमोर मी एकटा. मला त्याची भीती वाटते. हे त्यांना कळू देऊ नकोस.

हे वाचल्यावरही मी तुझाच आहे असं समजावंस.
तुझा,
तुळशीदास


॥ श्री सातेरी प्रसन्न ॥

आंबेवाडी, ता. कणकवली,
१७ जून १९८६

चि. तुळशीदास यास सगुणाआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझं अक्षर बघून धाकू गुरव म्हणाला, माझ्या पोरीच्या लग्नाच्या पत्रिकांवर नावं घालायला ह्या झिलग्याक बोलवूचो. तेव्हा तयारीत राहा.

आज मंगळवार साधून देवळात गेले. धाकूने गाऱ्हाणं घातलं. मुंबईत दूरदेशी ऱ्हवणाऱ्या लेकरांवर नजर ठेव म्हणाला. मग दोन कळ्या ओल्या करून देवीच्या दोन खांद्यांना लावल्या. पोरीने थांबावं का म्हणून विचारलं मात्र, उजव्या खांद्यावरची कळी टपकन खाली आली. उजवी पडली म्हणजे होय. तेव्हा थांबावं, असा कौल आहे. गुणाजीला, तुझ्या बापाला, तसं सांग.

धाकू हात पुसताना एवढंच बोलला की, इचारलां तेवढांच देवी सांगता.

तुझी भीती मला कळते. गुणाजी लहानपणीही असाच. ताप भरला तरी सांगायचा नाही, भिंतीकडे तोंड करून निजायचा. आम्हाला वाटायचं रुसला. पण बाबू, माणसाला भिऊन देवीला पुढे करू नये. या खेपेला केलंस ते केलंस.

कोकमं वाळत घातली आहेत. येणाऱ्याबरोबर पाठवते. जेवणात हयगय करू नकोस, आणि म्हातारीला दोन ओळी टाकत जा.
तुझी,
सगुणाआत्या


॥ श्री ॥

दहिसर,
२२ जून १९८६

ती. ताईस,
तुळशीदासचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

आत्याचं पत्र आलं. देवीने उजवा कौल देऊन थांबायला सांगितलं आहे. जानेवारीपर्यंत. बाबांना कौलापुरतं वाचून दाखवलं, तर ते लगेच बरं म्हणाले आणि तांदूळ निवडायला बसले.

तुला वाईट वाटेल हे मला माहीत आहे. पण तुझ्या माहितीपत्रकाप्रमाणे पहिलं सत्र पुढे ढकलता येतं. त्यासाठी प्रवेश कार्यालयाला वेळेवर कळवावं लागतं, आणि नवे कागद आले की मग व्हिसा. हे तुला ठाऊकच असणार, उगीच लिहिलं.

तुझ्या खाटेत रॉकेल ओतून ढेकूण मारून घेतले. खिडकीजवळचा खिळा ढिला होता, तो बदलला. तू आलीस की टेबल तिकडे सरकवू, उजेड चांगला येतो.

कामावर ठीक आहे. मरोळला जेवणाच्या सुट्टीत आम्ही बाहेर पायरीवर बसतो. सहार विमानतळ जवळ असल्यामुळे विमानं अगदी डोक्यावरून जातात. पोरं चेष्टेने हात करतात आणि मला म्हणतात, तुझी ताई चालली बघ. या आठवड्यात मी आत यंत्राजवळच बसून जेवलो. बाहेर ऊन फार होतं.

रागावलीस तर तसं लिही, पण लिही.
तुझा धाकटा भाऊ,
तुळशीदास


पुणे,
२९ जून १९८६

प्रिय तुळश्यास,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

तुझ्या सातेरीला कुणीतरी सांगा रे, की जानेवारीत तिथे गुडघाभर बर्फ असतो आणि शेवाळ त्याच्या खाली झोपलेलं असतं! जूनमध्ये ऊन फार होतं म्हणतोस, तेही जरा तपासून घे. इथे पुण्यात मी छत्री घेऊन हिंडते आहे.

रागावले होते. बाबांना पत्र लिहिलं आणि फाडलं. दुसरं लिहिलं, तेही फाडलं. देवीच्या खांद्यावरची कळी माझं शिक्षण ठरवणार का, असं सगळं होतं त्यात. मग वाटलं, तू शाळा सोडलीस म्हणून माझी सुटली नाही. ज्या घराने एवढं केलं, तिथून बाबांचं मन मोडून विमानात बसायचं मला जमणार नाही. कौल त्यांना महत्त्वाचा आहे ना? मग थांबते.

प्रवेश जानेवारीवर ढकलावा म्हणून विद्यापीठाला परवा पत्र टाकलं. त्याची मला काळजी नाही, ते देतील. काळजी आहे तिथल्या माझ्या प्राध्यापकांची. त्यांनी मला त्यांच्या नदीच्या कामावर घ्यायचं कबूल केलं होतं. त्या कामासाठीच मी हे विद्यापीठ निवडलं. ती जागा ते माझ्यासाठी ठेवतील का, एवढाच जीव टांगला आहे.

बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म कधी भरतोस? तुझं शुद्धलेखन माझ्याहून चांगलं आहे. गणिताचं मी बघते.

आणि हो, देवीला नेमकं काय विचारलं होतं रे? सहज विचारते. बाबांनी मला फोनवर वेगळंच सांगितल्यासारखं आठवतं.

बाबांना नमस्कार. ढेकणांना माझी आठवण सांग.
तुझीच,
ताई


॥ श्री ॥

दहिसर,
३ ऑगस्ट १९८६

तीर्थरूप सगुणाआत्या हिस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

कोकमं मिळाली. हे पत्र मी कारखान्याजवळच्या उडप्याकडे बसून लिहितो आहे, घरी लिहवेना.

ताईचं पत्र आलं. विद्यापीठाने जानेवारी मंजूर केली. पण तिच्या प्राध्यापकांनी नदीचं काम दुसऱ्या विद्यार्थ्याला दिलं. पाण्याचे नमुने पानगळीच्या दिवसांतच घ्यायचे असतात, त्यांना थांबता येत नाही. त्यांनी फार चांगल्या शब्दांत कळवलं आहे आणि दुसरं काहीतरी बघू म्हणाले आहेत. ताईने ते वाक्य मला उतरवून पाठवलं आहे. खाली नुसतं लिहिलं आहे, असो.

आणि ती दहिसरला येणार नाही. रिकामं बसण्यापेक्षा पुण्याच्या प्रयोगशाळेतच डिसेंबरपर्यंत काम घेतलं आहे. तिची खाट मी खिडकीजवळ लावून ठेवली आहे. बाबा रोज विचारतात, अनू कधी येते. पाणी आणि भात सोडून तेवढाच एक विषय वाढला आहे, आणि तो निघाला की मी हंडा घेऊन नळावर जातो.

देवीला काय विचारलं होतं, असं ताईने महिन्यापूर्वी विचारलं होतं. मी तिला त्यानंतर दोन पत्रं पाठवली. दोन्हींत पावसाचंच लिहिलं.

आत्या, कृपा करून पुन्हा कौल लाव. या वेळी बाबांचा प्रश्न, त्यांनी सांगितला तसाच विचार, जावं का म्हणून. उजवा आला तर मी ताबडतोब ताईला तार करतो. ऑगस्ट अजून संपलेला नाही. तिची जागा गेली तरी निदान तिने तिथे जाऊन ती मागितली तर. मला काही सुचत नाही.

माझ्यावर लोभ ठेव असं म्हणायची लाज वाटते, तरी म्हणतो.
तुळशीदास


॥ श्री सातेरी प्रसन्न ॥

आंबेवाडी,
११ ऑगस्ट १९८६

चि. तुळशीदास यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून रडू आलं. पण कौल पुन्हा लावता येत नाही. एका गोष्टीला वर्षात एकदाच. धाकूला विचारलं, तर तो माझ्यावरच कावला. म्हणाला, देवी काय दुकानार बसली हा, माल बदलून देवक?

आता तुला एक सांगायचं आहे. त्या मंगळवारी मी दोन्ही प्रश्न विचारले होते. आधी गुणाजीचा, कारण तो माझा भाऊ आणि प्रश्न त्याने पाठवलेला. पोरीने यंदा जावं का? उजवी पडली. मग तुझा. त्यालाही उजवी पडली. धाकू जे बोलला ते त्यावरच बोलला. तुझ्या पत्रातली ती खोली, समोरासमोर बसलेले तुम्ही दोघे मुके, माझ्या डोळ्यांपुढून हलेना. म्हणून तुझाच कौल कळवला आणि गुणाजीचा पदरात ठेवला. तेव्हा सगळं पाप तू एकट्याने घेऊ नकोस. त्यातलं अर्धं माझं आहे.

जाऊ दे म्हटलं तरी होय, थांबू दे म्हटलं तरी होय. मला वाटतं, देवी म्हणत होती की पोरांनो, तुमच्या घरातलं मला काय विचारता?

कौल घ्यायचाच असेल तर आता गुणाजीचा घे. त्याला कळी लावावी लागत नाही. समोर बसावं लागतं. माझी दोन्ही पत्रं त्याला दाखव, माझी काळजी करू नकोस. धाकट्या भावाच्या शिव्या खायची मला सवय आहे.

तू बोललास की नाही, ते मला कळव. नाही बोललास तरी कळव.
तुझी,
आत्या


॥ श्री ॥

दहिसर,
१७ ऑगस्ट १९८६

चि. अनुपमा हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

अक्षर तुळश्याचं आहे, सांगतो मी. मध्ये स्वतःची अक्कल घालू नकोस अशी त्याला ताकीद दिली आहे, आणि ती ताकीदही लिहायला लावली आहे.

काल हा कामावरून आला, हातपाय धुतले नाहीत, चहा घेतला नाही, माझ्यासमोर येऊन बसला. आधी सगुणाआक्काची दोन्ही पत्रं वाचून दाखवली. मग त्याने तिला काय लिहिलं होतं ते सांगितलं. माझा प्रश्न बदलला होता, तेही सांगितलं आणि कशासाठी बदलला तेही. आक्काची पत्रं याच्याबरोबर जोडली आहेत, तू वाच.

मला राग आला. वीस वर्षांचा घोडा झाला आहे म्हणून हात उचलला नाही. पण नंतर तांदूळ निवडता निवडता वेगळंच आठवलं. कौल आला तेव्हा मी लगेच बरं म्हणालो होतो. गिरणीत उभं आयुष्य काढलं, मुकादमाने थांब म्हटलं की मी कशाला म्हणून विचारायचो. देवीला नाही विचारलं. कारण मलाही तेच पाहिजे होतं. जा असा कौल कळला असता, तर मी अजून काही काढलं असतं. तू गेल्यावर या पोराशी मी काय बोलणार, हीच धास्ती मलाही होती. सकाळी याचा डबा भरतो, तेव्हा समोरची पोरं दप्तरं घेऊन निघालेली असतात. मग मला याच्याकडे बघवत नाही. तो समजतो बाबा रागावले आहेत.

इथे लिहायचा थांबला आहे. लिही म्हटलं.

तर आम्ही दोघांनी तुला दोन बाजूंनी धरून ठेवलं आणि एकमेकांना कळू दिलं नाही. तुझी नदी गेली. त्याची भरपाई नाही.

जानेवारीत तू जायचं आहेस. आता आक्काला, देवीला, मला, कोणालाही विचारायचं नाही. डिसेंबरात रजा काढ, तिघं गावी जाऊन येऊ. हात रिकामे आहेत ते रिकामेच राहोत. देवीकडे मागायला जायचं नाही, तिच्या आड लपलो होतो ते सांगायला जायचं आहे.

तुझ्या प्राध्यापकांना आमच्या मोरीतल्या शेवाळाबद्दल लिहून बघ. चेष्टा करतो.

रागाव, पण घर तोडू नकोस.
बाबा

ता. क. हे माझं आहे. बाबा नळावर पाणी भरायला गेले आहेत.

ताई, देवीला मी विचारायला लावलं होतं की तू थांबावंस का. दीड महिना उशिरा हे उत्तर लिहितो आहे. माफ कर असं लिहून खोडलं, कारण मग तुला माफ करावं लागेल.

भरपाई नाही हे वाक्य बाबांनी मला दोनदा लिहायला सांगितलं होतं. वर एकदाच लिहिलं. दुसऱ्यांदा इथे लिहितो. त्याची भरपाई नाही.

बाबा हंडा ठेवून आले आहेत. अजून काय लिहितोस म्हणाले. सांगितलं. समोर बसले आहेत.

तुझा,
तुळशीदास