डावीकडं सरकणारा पट्टा

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून ट्रेडमिलवर रोज पाच किलोमीटर. डिसेंबरात शुगर नॉर्मल. फक्त आधी पट्टा मधोमध आणायचा. चाकणच्या कंपनीत अठ्ठावीस वर्षं कन्व्हेयर सांभाळले. हे खेळणं म्हणजे दहा मिनिटांचं काम.

त्याच दिवशी, संध्याकाळी
काम उद्यावर. तक्रार शालनची, जूनपासूनची. रोज सहा दहाला चालायची आणि म्हणायची, अवो, मला डावीकडं वढतंय. मी म्हणालो, पट्टा सरकलाय, रविवारी बघतो. तीन रविवार बघितला. चौथ्या रविवारी ती स्वयंपाकघरात पडली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, डाव्या अंगातली ताकद आधीपासून जात असणार, घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?
डॉक्टरांना पट्ट्यातलं काय कळतं!

५ नोव्हेंबर
रिकामा पट्टा अर्धा तास फिरवला. मधोमध. संशयास्पद आहे. उद्यापासून चालणार.

६ नोव्हेंबर
खालच्या मजल्यावरची उत्कर्षा लिफ्टमध्ये म्हणाली, काका, सकाळी चालता ना, आवाज येतो, काकूंची आठवण होते. हो म्हणालो. प्रत्यक्षात पट्टा रिकामाच फिरतो, मी शेजारी बसून चहा पितो. मधेच पावलं वाजतात. डावं जरा घासत. आज फार भीती वाटली. बेअरिंग असेल. ग्रीस लावणे.

९ नोव्हेंबर, रविवार
लेक आली. प्राजक्ताला वीस मिनिटं चालवलं, मी जमिनीवर आडवा पडून टॉर्चनं कड बघत होतो. पट्टा तसूभर हलला नाही. म्हटलं, तुझं वजनच कमी. मग फरशीला उतार असेल म्हणून लेव्हल ठेवली. बुडबुडा मधोमध! अख्ख्या पिंपळे सौदागरात बिल्डर नेमका माझ्याच हॉलमध्ये प्रामाणिक निघाला.
ती म्हणाली, बाबा, देऊन टाकू हे मशीन कुणाला तरी. मी सांगितलं, रूट कॉज लिहिल्याशिवाय ब्रेकडाउनची नोंद बंद करता येत नाही. तर रडायलाच लागली. मेन्टेनन्सच्या गोष्टीत रडण्यासारखं काय आहे?

११ नोव्हेंबर
चालणं राहिलं. बूट सापडेनात.

१३ नोव्हेंबर. सकाळी ६.४५
सापडलं! मागचा डावा बोल्ट ढिला. (सकाळी पाव फेरा मीच ढिला केला, पण मुळातही असणारच.) पाच मिनिटांत पट्टा डावीकडं सरकून कडेला घासायला लागला. शालन, तुझंच खरं होतं.
नोंद: तक्रार, डावीकडं ओढतं. कारण, डावा बोल्ट. ब्रेकडाउन बंद.

७.२०
खात्री करावी म्हणून बूट घालून चढलो. पट्टा कडेला घासतच होता. वीस मिनिटं चाललो.
मला कुठंच ओढलं नाही.