गोंगाटातलं बोलणं

सोमवार, ६ सप्टेंबर १९४३

थेल्मानं आज लोखंडी ठोकळा पायावर पाडून घेतला आणि अशी सणसणीत शिवी हासडली! शेडमध्ये कोणाला ऐकू गेली नाही. पण आम्हा गिरणीवाल्यांना सगळ्यांना तिच्या ओठांवर दिसली. आमच्या गिरणीतल्या क्लेगबाई तर पार पलीकडे, विमानाच्या शेपटीच्या भागावर. तिथूनच नुसत्या ओठांनी विचारतात, "ही भाषा चर्चमध्ये शिकलीस का गं?" मी ते थेल्माला सांगितलं तर ही लालबुंद.

तिला अजून कळत नाही आम्ही हे कसं करतो. त्यात काय कळायचंय? मागांच्या खडखडाटात दिवस काढले की कान जातात आणि डोळे ऐकायला लागतात. युद्ध आलं, आमची गिरणी बंद पडली, आम्ही विमानांच्या कारखान्यात आलो. गोंगाट तोच! थेल्मा मात्र प्लिमथची. घरावर बॉम्ब पडला, मागं कोणी उरलं नाही. सरकारनं इकडे उत्तरेत कामाला धाडली, आईनं माझ्या खोलीत घातली. पहिल्या दिवशी वाटलं होतं, ही चहात आधी दूध घालते, हिच्याशी आपलं जमायचं नाही.

आता जमलं म्हणजे काय, अख्ख्या शेडमध्ये आमच्यासारखी जोडी नाही. मी बाहेरून रिव्हेटची, म्हणजे पत्रे जोडायच्या खिळ्यांची, बंदूक चालवते, ती पंखाच्या आत अंग चोरून पलीकडून ठोकळा दाबून धरते. रिव्हेट बसलं की आतून एकदा ठोकते, नाही बसलं की दोनदा. दिवसभर एवढंच बोलणं. मग घरी जाताना ती जी सुरू होते, ती आई दटावेपर्यंत!

बुधवार, ८ सप्टेंबर

साबण संपला. थेल्मा म्हणते, "वास आला तर एकमेकींना येईल, तिसरं कोण हुंगतंय?" तिसरं हुंगतंय की! तपासनीस नॉर्मन ब्लेंकिन. आमच्याच पंखावरची रिव्हेटं याला सारखी सारखी तपासायची असतात.

रविवार, १२ सप्टेंबर

घ्या! नॉर्मननं काल नाचाच्या हॉलमध्ये थेल्माला लग्नाचं विचारलं आणि ती हो म्हणाली. विमानाच्या खिडकीची काच घासून अंगठी केलीय त्यानं. छान केलीय, नावं ठेवायला जागा नाही. मी शोधली.

माणूस शांत आहे. पूर्वेकडच्या हल बंदराचा. लग्न झालं की तिकडेच राहायचं म्हणतो. थेल्मानं मला मिठी मारली आणि म्हणाली, "ॲगी, तू बोल ना काहीतरी." मी म्हटलं, "अभिनंदन." मग आई म्हणाली, आता खोलीत ऐसपैस झोपशील. कोणाला हवंय ऐसपैस!

मंगळवार, १४ सप्टेंबर

घडलं तसं लिहिते.

दुपारी कॅन्टीनमध्ये मी रांगेत, थेल्मा अजून पंखाजवळच होती. खिडकीपाशी नॉर्मन आणि फोरमन टॅटरसॉल बोलत बसलेले. मी काही मुद्दाम बघत नव्हते. बरं, बघत होते. नॉर्मनचे ओठ स्वच्छ दिसतात, मिशी नाही त्याला. तो म्हणाला, "मॅरीड द वाइफ." मग "हल". मग "व्हिटसन". बायकोशी लग्न केलं, हलला, व्हिटसनच्या सणात! आमच्या उत्तरेत अर्धी लग्नं व्हिटसनलाच लागतात. शंकेला जागाच नाही. बायको आहे याला! आणि इकडे थेल्माच्या बोटात खिडकीची काच!

ताट तसंच टाकून पळाले. थेल्मा पंखातून अर्धी बाहेर आलेली. मी रडत होते, चांगली भोकाड पसरून, शेडच्या मधोमध. तीच उलट माझी पाठ थोपटायला लागली, "काय झालं? आईला काही झालं का?" मग सांगितलं. तिचा विश्वास बसेना. "तुला नक्की दिसलं?" मी म्हटलं, "थेल्मा, मी लहानपणापासून ओठ वाचतेय."

बुधवार, १५ सप्टेंबर

आज कॅन्टीनमध्ये कस्टर्ड होतं, गुठळ्यांचं. थेल्मानं आपला वाडगा उचलला, शांतपणे चालत नॉर्मनच्या टेबलापाशी गेली आणि त्याच्या डोक्यावर पालथा केला! वर म्हणाली, "बायकोला सांग, कोट धुऊन दे म्हणावं."

काय टाळ्या पडल्या! सगळ्यांत मोठ्या माझ्या. नॉर्मन पांढराफटक पडला, तसाच उठून बाहेर गेला. बोलणार काय, कपाळ?

सुटल्यावर मी आईचं सामान घ्यायला रांगेत गेले तर तो फाटकापाशी थेल्माला गाठून उभा. लांबून त्याची पाठच दिसली, ओठ नाहीत. घरी आल्यावर विचारलं, "काय म्हणत होता?" तर म्हणे, "काही नाही, माफी मागत होता." मागणारच! अंगठी तिनं परत दिली.

गुरुवार, १६ सप्टेंबर

आज सगळी रिव्हेटं पहिल्या फटक्यात बसली. थेल्मा आत शीळ घालत होती. बाई वाघीण आहे!

रविवार, १९ सप्टेंबर

कालव्यापर्यंत फिरून आलो. नॉर्मनला मी नवीन नाव ठेवलं, कस्टर्डकुमार. थेल्मा म्हणाली, "पुरे गं आता त्याचं." मी म्हटलं, तुझं मन फार मोठं आहे. तिनं माझ्याकडे बघितलं आणि बदकांना पाव टाकायला लागली. आणि पाव आमच्याच वाटणीचा!

सोमवार, २७ सप्टेंबर

वाट लागली. माझी वाट लागली.

मधल्या सुट्टीत क्लेगबाई थेल्माला ओठ वाचायला शिकवत होत्या. आम्ही सगळ्या भोवती. "सांग, मी 'पाय' म्हटलं की 'माय'?" थेल्मा म्हणाली, "पाय." "चूक! माय. पण तुझा दोष नाही. प, ब, म, तिन्हीला ओठ मिटतात. नुसत्या ओठांवर जायचं नाही, मागचं पुढचं बघायचं. आता सांग, मॅरीड की बरीड?" क्लेगबाई सांगायला लागल्या, एकदा गिरणीत एकीला त्यांनी गळ्यात पडून शुभेच्छा दिल्या. वाटलं तिनं भावाचं लग्न केलं. तिनं भावाला पुरलं होतं! सगळ्या खिदळल्या. थेल्मा ठोकळा पुसत बसली.

मी कसली हसते? मॅरीड. बरीड. ओठांवर एकच!

मंगळवार, २८ सप्टेंबर

फोरमनला गाठलं. आधी वसकन अंगावर आला, "तुम्हा गिरणीवाल्या बायांपुढं माणसानं तोंडावर पिशवी घालून फिरावं काय!" मग माझा चेहरा बघून मऊ झाला. म्हणाला, नॉर्मनची बायको हलच्या बॉम्बहल्ल्यात गेली. दोन वर्षांपूर्वी. व्हिटसनच्या सुमाराला तिला पुरली. त्या दिवशी तो फोरमनला हेच विचारत होता की थेल्माला हे कसं सांगू, तोंड उघडत नाही म्हणून.

आणि आम्ही त्याला काय ऐकवलं? बायकोला सांग, कोट धुऊन दे. मी टाळ्या वाजवल्या! मला आठवलं तरी मेल्याहून मेल्यासारखं होतंय.

बुधवार, २९ सप्टेंबर

नॉर्मननं बदली मागून घेतली. शनिवारी सकाळच्या गाडीनं हलला जातोय. कायमचा.

म्हणजे मला शनिवारच्या आत थेल्माला सांगायला हवं. सांगितलं की ती जाईल. का नाही जाणार? माणूस चांगला, सरळ, वर दुःखातला. आणि मी गप्प बसले तर ती राहील. इथंच राहील, माझ्या खोलीत, माझ्या पंखात. कोणाला काही कळणार नाही. फोरमनलाही वाटेल पोरींनी आपसात मिटवलं.

हा विचार मी केला. केला म्हणून लिहिलाय. आज ती आत दोनदा ठोकत होती आणि मी बंदूक हातात धरून नुसती उभी.

गुरुवार, ३० सप्टेंबर

नाही सांगितलं. बटाटे सोलले.

शुक्रवार, १ ऑक्टोबर

सांगितलं! आई शेजारी गेली होती, आम्ही दोघीच चहाला. एका दमात सगळं ओकले. बरीड, हल, बॉम्ब, सगळं. थेल्मा पावाला मार्गारीन लावत होती. लावतच राहिली. मग म्हणाली, "बरं."

बरं?! मी म्हटलं, "अगं बये, बरं काय! उद्या जातोय तो! आत्ता जा, नाहीतर सकाळी स्टेशनवर गाठ. सांग त्याला, ॲगी गाढव आहे, तिच्या डोळ्यांत शेण भरलंय!" ती म्हणाली, "तुला मी जायला हवीय?" मी म्हटलं, "तू सुखात राहायला हवीस, मूर्ख पोरी!" आणि पलंगाखालून तिची पेटी ओढून मीच भरायला घेतली. निळा झगा, ब्रश, तिच्या आईचा फोटो. माझे ते एकमेव धड मोजे पण घातले. ती दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "तुझेच मोजे कशाला?" मी म्हटलं, "गप बस."

मला ती जायला नकोय. नकोय, नकोय, नकोय. पण असं ठेवून घेतलेलं माणूस मला नको.

शनिवार, २ ऑक्टोबर

सकाळची पाळी केली. थेल्मानं सुट्टी घेतली, ती स्टेशनवर गेली असणार. ठोकळ्याला क्लेगबाई आल्या. त्या इतक्या जोरात ठोकतात की एकदा कुठलं आणि दोनदा कुठलं कळेना. पाच रिव्हेटं काढून परत मारली. क्लेगबाई पंखाच्या भोकातून ओठांनी म्हणाल्या, "रडतेस की घाम?" मी म्हटलं, घाम.

घरी आले. पेटी नाही. आई म्हणाली, "घेऊन गेली, माझा मुका घेतला नि गेली." खोली केवढी मोठी दिसते! दुपारीच पडून राहिले. चांगलं केलंस ॲगी, स्वतःलाच म्हटलं. बरं काही वाटलं नाही.

रविवार, ३ ऑक्टोबर

थेल्मा काल अंधार पडायच्या आत परत आली. पेटीसकट! नॉर्मनची परत एकदा माफी मागितली, त्याला गाडीत बसवलं आणि मग कालव्यावर बसून राहिली. पेटी नेली ती ऐनवेळी मन बदलतंय का बघायला. नाही बदललं.

बायकोचं, बॉम्बचं, सगळं त्यानं तिला कस्टर्डच्याच संध्याकाळी फाटकापाशी सांगितलं होतं. लग्नाचंही परत विचारलं होतं. तिनंच नाही म्हटलं. "माणूस चांगला आहे गं, पण हलला माझं कोण आहे? मी हो म्हटलं ते कोणीतरी विचारलं म्हणून. तू भोकाड पसरून धावत आलीस ना, तेव्हा मला कळलं, माझं माणूस कुठं आहे ते."

मी ओरडलेच, "मग इतके दिवस मला सांगायला काय झालं होतं तुला?"

"सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी माझी पेटी भरली असतीस," ती म्हणाली.