सराईच्या भिंतीवरची रोटी

कोकंद, ४ सप्टेंबर १९९६

चि. मुकर्रम हिस अ. आ.

माझ्यावर घोर अन्याय झाला आहे, तो आधी ऐक. तंदूर थंड झाल्यावर मी दुकानाबाहेर ज्या जागी पाठ टेकून चहा पितो, नेमकं तिथेच नगरपालिकेच्या माणसाने लाल रंगात १७ आकडा काढला. न सांगता. आता माझ्या एकुलत्या एका बऱ्या कोटाच्या पाठीवर उलटा १७ आहे.

आकड्याचा अर्थ मागाहून कळला. रस्ता रुंद होणार, त्यात अख्खी सराई पाडणार. बदल्यात गावाबाहेर पत्र्याचा गाळा. मी काय, कुठेही रोट्या भाजेन. प्रश्न आपल्या आईचा, ओयीचा आहे. धाकट्या पोराची रोटी आहे तोवर ही भिंत पडायची नाही, असं म्हातारीने मुकादमाला बजावलं. त्याला काय कळणार? सैन्यात जाताना इल्हामने चावा घेऊन भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली ती रोटी त्यानेच येऊन संपवायची. दुसऱ्याने खिळ्यावरून काढली, तर गेलेला परतत नाही. अफगाणिस्तानातून जस्ताची बंद शवपेटी आली, ती उघडू दिली नाही. तेव्हापासून ओयी म्हणते, पेटीत दगड होते. रोज ती रोटी झटकते.

राजधानीत तुझ्या ओळखी आहेत. काही कर.

लोभ आहे तेवढा ठेव. तो रुंद करायला कुणी येणार नाही.

तुझा सोबिर

ताश्कंद, १२ सप्टेंबर

ती. सोबिर अका यांस सा. न. वि. वि.

वहिनींना कोट रॉकेलने पुसायला सांगा. तुम्ही पुसलात तर कोटच उरायचा नाही. जुन्या वास्तूंच्या कचेरीत जाऊन आले. साहेब म्हणाला, इमारतीचा इतिहास द्या, बघतो. जिभेची धार कागदावर उतरवा, पण सरकारला टोमणे नकोत.

रोटीला हात लावू नका. इल्हामला पेटीत ज्याने ठेवलं तो त्याचा सोबती मला भेटून गेला, हे तुम्हाला ठाऊक आहे. ओयीला सांगायचं धाडस तेव्हा आपल्याला झालं नाही. आता भिंत पाडणाऱ्यांनी ते सांगावं, हे मला सोसणार नाही.

ओयीला सलाम. रागावलात तरी माया कमी करू नये, ही विनंती.

आपली मुकर्रम

कोकंद, १९ सप्टेंबर

चि. मुकर्रम हिस अ. आ.

हा घे इतिहास. कापसाच्या व्यापाऱ्याने सराई बांधली. उंटवाल्यांना रोटी हवी म्हणून आजोबांना कोपरा दिला. क्रांती झाली, व्यापारी काश्गरला पळाला आणि तंदूर जनतेचा झाला. जनतेतर्फे रोट्या आजोबाच भाजत राहिले, पगारावर. वडिलांच्या काळी पाटी लागली, भट्टी क्रमांक चार. एक, दोन, तीन कुठे होत्या ते कुणी विचारलं नाही. विचारणारे फार दिवस दिसत नसत. स्वातंत्र्य आल्यावर आपलाच तंदूर मी सरकारकडून विकत घेतला.

अर्जात शेवटी विचारलंय, येथे कोणी थोर व्यक्ती मरण पावली काय. 'नाही' लिहिलं. आपल्याकडे जो मेला, तोही अजून मेलेला नाही.

टोमणे गाळूनच साहेबाला दे. आमची आठवण असू दे.

सोबिर

कोकंद, ११ ऑक्टोबर

चि. मुकर्रम हिस अ. आ.

कचेरीचं उत्तर आलं. घुमट नाही, थोर माणूस नाही, सबब रस्ता होईल. ओयीला वाचून दाखवलं.

काल छप्पर उतरवू लागले. माती रोटीवर पडली, तशी ओयी स्टुलावर चढली. मी काढतो म्हणालो, तर म्हणाली की तो न परतल्याचा दोष काढणाऱ्याच्या माथी बसतो, तुला लेकरं आहेत, मागे हो. रोटी तिने स्वतः काढली, खलात कुटली, शेवटच्या कणकेत मिसळली. भाजलेल्या रोट्या सराईतल्या प्रत्येक दुकानात वाटल्या. मग मधोमध उभी राहून तिने मयतीच्या दिवशी घरच्यांनी विचारायचं असतं, पण तेव्हा राहून गेलेलं विचारलं, की माझ्या इल्हामकडे कुणाचं काही देणं असेल तर सांगा, आम्ही फेडू. सगळ्यांनी नाही म्हटलं. न्हावी सफर उस्तानेही नकारार्थी मान हलवली.

तू लवकर ये. ओयी जेवते आहे, पण बोलत नाही. आमच्यावर जीव आहेच, तो असू दे.

सोबिर

ता. क. सैन्यात जायच्या सकाळी इल्हामने सफर उस्ताकडून डोकं भादरून घेतलं होतं, आणि केस परत आले की पैसे देतो, असं सांगून गेला होता. आज संध्याकाळी मी उस्ताकडे दाढी केली आणि दोघांचे पैसे ठेवले. त्याने ते खिशात घातले, आणि खुर्ची बाहेर न्यायची आहे, एक बाजू धर म्हणाला.